गुलाबाला फळं येतात तेव्हा

गुलाबाला फळ येतं, हे आपल्यापैकी बहुतेकांच्या कधी लक्षातच आलेलं नसतं. येणार तरी कसं? कुंडीतल्या गुलाबाचं फूल कोमेजायला लागलं की आपण देठ छाटून टाकतो, म्हणजे पुढची कळी लवकर धरते. बाजारातल्या भरगच्च गुलाबात कित्येक पुंकेसरांच्याच पाकळ्या होऊन बसलेल्या असतात, त्यामुळे फळ धरण्याची शक्यता तशीही कमी. हारासाठी, अत्तरासाठी, गुलकंदासाठी तर फूल उमललं की खुडायचंच. गुलाबाला फळापर्यंत आपण पोचूच देत नाही.

रानगुलाबाला मात्र कोणी कात्री लावत नाही. पाच पाकळ्यांचं साधं फूल चार दिवस फुलतं आणि झडतं. मग फुलाखालची हिरवी कुपी हळूहळू फुगायला लागते. युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत ती आधी शेंदरी आणि मग लालभडक होते. रोझहिप म्हणतात ती हीच. वनस्पतिशास्त्राच्या काटेकोर हिशेबात हे फळ नव्हेच. आपण खातो तो लाल गर म्हणजे फुलाच्या तळाशी असलेला, मांसल झालेला पेला. खरी फळं आत असतात, बियांसारखे दिसणारे कडक दाणे. त्यांच्याभोवती बारीक, ताठ लव असते आणि ती अंगाला लागली की आपल्याकडच्या खाजकुयलीसारखी खाज सुटते. ब्रिटनमधल्या शाळकरी पोरांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी ही लव पुढच्या बाकावरच्या मुलाच्या सदऱ्यात सोडली आहे.

पण या पेल्याच्या बोटभर गराला जगभरच्या प्रयोगशाळांनी इतकं मनावर घेतलं, त्याचं कारण वेगळं आहे. अमेरिकी कृषी खात्याच्या आहारकोष्टकात १०० ग्रॅम रानगुलाबाच्या फळांत ४२६ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिलेलं आहे. तेवढ्याच संत्र्यात ते साधारण ५३ मिलिग्रॅम असतं. आपल्याकडच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ पुरुषासाठी सांगितलेली रोजची गरज ८० मिलिग्रॅम आहे. म्हणजे मूठभर गर पुरे. आणि क जीवनसत्त्व हा या फळातल्या रसायनांपैकी फक्त एक गडी. बाकीचे कोण, हे गुलाबाच्या जातीवर ठरतं. खरी मौज तिथेच आहे.

जातीजातींतल्या या फरकाचा छडा लागायला महायुद्ध कारणीभूत ठरलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी ब्रिटनच्या जहाजवाहतुकीची कोंडी केली, तेव्हा बाहेरून येणारी संत्री-लिंबं जवळजवळ बंद झाली. लहान मुलांना क जीवनसत्त्व द्यायचं कुठून? उत्तर गावोगावच्या कुंपणांत लटकत होतं. १९४१ मध्ये सरकारने रानगुलाबाची फळं गोळा करायची मोहीम काढली. शाळेतली मुलं, स्काउट, महिला मंडळं टोपल्या घेऊन बाहेर पडली. पौंडाला तीन पेन्स असा भाव मिळायचा. पहिल्याच हंगामात सुमारे २०० टन फळं जमली आणि युद्धाच्या शेवटच्या वर्षांत हा आकडा सरासरी ४५० टनांवर गेला. त्यातून बनलेलं गोड लाल सरबत चमच्या-चमच्याने एका अख्ख्या पिढीच्या पोटात गेलं.

हे सरबत घरी कसं करावं, याची कृतीही अन्न मंत्रालयाने छापून वाटली होती, आणि ती वाचताना पानापानांतून रसायनशास्त्र डोकावतं. तीन पिंट पाणी आधी खळखळून उकळायचं. दोन पौंड फळं भरड वाटायची आणि वाटल्या क्षणी त्या उकळत्या पाण्यात टाकायची. मध्ये थांबायचं नाही. का? फळ फुटलं की त्यातलंच एक एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने क जीवनसत्त्वाचा फडशा पाडायला लागतं. उकळतं पाणी त्या एन्झाइमला जागीच निकामी करतं. उष्णतेने क जीवनसत्त्व मरतं असं आपण ऐकत आलो आहोत, आणि ते खोटं नाही, पण इथे ताबडतोब दिलेली उष्णता त्याला वाचवते. शिवाय तांब्या-पितळेचं भांडं नको, कारण तांबं ही नासाडी वाढवतं. मग दोनदा गाळायचं. लव घशात जायला नको ना!

त्याच काळात लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाचे रोनाल्ड मेलव्हिल आणि मॅग्नस पाइक वेगवेगळ्या भागांतली फळं मोजत होते. पाइक पुढे टीव्हीवर जोरजोरात हातवारे करत विज्ञान सांगणारे गृहस्थ म्हणून ब्रिटनभर ओळखले गेले. या दोघांचा लेख १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. कुंपणातलं प्रत्येक झुडूप दिसायला सारखंच, पण आतलं क जीवनसत्त्व जातीप्रमाणे आणि प्रदेशाप्रमाणे कितीतरी वेगळं निघालं. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडातले मऊ लव असलेल्या पानांचे रानगुलाब दक्षिणेतल्या ‘डॉग रोझ’पेक्षा सरस ठरले.

रशियात तर ही जातींची प्रतवारी थेट औषधशास्त्रात शिरली आणि तिची खूण साध्या डोळ्यांना दिसते. गुलाबाच्या कळीला बाहेरून पाच हिरवी निदलं असतात. भरपूर जीवनसत्त्व असलेल्या जातींत, उदाहरणार्थ उत्तर युरोप आणि सायबेरियात वाढणाऱ्या ‘मे गुलाबा’त, ही निदलं फळ पिकल्यावरही टोकाशी वर उभी राहतात. ‘डॉग रोझ’मध्ये ती खाली वळतात आणि फळ पिकायच्या आत गळून जातात. त्यामुळे वनौषधी गोळा करणारा माणूस फळाचा शेंडा बघून सांगू शकतो की ही फळं जीवनसत्त्वासाठी पाठवायची की नाही. खालच्या प्रतीचीही वाया जात नाहीत. त्यांच्यापासून ‘होलोसास’ नावाचं पित्ताशयाच्या तक्रारींवरचं पातळ औषध बनतं.

या ‘डॉग रोझ’ची, म्हणजे रोझा कॅनिनाची, हकिगत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. बहुतेक सजीवांत आईकडून निम्मी आणि बापाकडून निम्मी गुणसूत्रं येतात. या गुलाबाने तो नियम धाब्यावर बसवला आहे. त्याच्या पेशीत सात-सातचे पाच संच, म्हणजे ३५ गुणसूत्रं असतात. विषम संख्या, जोड्या लागणार नाहीत, तेव्हा हे झुडूप वांझच असायला हवं. पण १९२०च्या आसपास स्वीडनमध्ये गुन्नार टेकहोल्म आणि ब्रिटनमध्ये कॅथलीन ब्लॅकबर्न व हेस्लॉप हॅरिसन यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं ते भलतंच होतं. दोनच संच आपसात जोड्या लावतात आणि उरलेली २१ गुणसूत्रं एकटी राहतात. परागकण तयार होताना ही एकटी गुणसूत्रं टाकून दिली जातात, म्हणून परागात फक्त सात येतात. बीजांडात मात्र ती सगळी ठेवून घेतली जातात, म्हणून तिथे २८. सात अधिक २८, पुन्हा ३५. हिशेब चुकता! म्हणजे या गुलाबाच्या प्रत्येक रोपाचा ऐंशी टक्के वारसा आईचा असतो. वर फळाचा गर हा तर संपूर्णपणे आईच्याच शरीराचा भाग, परागकण कुठलाही येवो. त्यामुळे चांगल्या झुडपाचे गुण त्याच्या लेकींत बऱ्यापैकी टिकून राहतात, आणि एका कुंपणात आईच्या बाजूने चालत आलेली वेगवेगळी घराणी शेजारी-शेजारी नांदतात.

आता अँटिऑक्सिडंटकडे वळू. हा शब्द साबणापासून बिस्किटापर्यंत सगळ्या वेष्टनांवर छापून इतका गुळगुळीत झाला आहे की त्याचा अर्थच हरवलाय. कापलेलं सफरचंद तपकिरी पडतं आणि लिंबू पिळलं तर पडत नाही, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. ऑक्सिजन हा जगवणारा वायू, पण त्याची काही रूपं अतिशय आक्रमक असतात. त्यांतल्या कित्येकांना एक इलेक्ट्रॉन कमी असतो आणि तो ती शेजारच्या कुठल्याही रेणूकडून ओरबाडून घेतात. ज्याचा गेला, तो पुढच्याचा ओरबाडतो. अँटिऑक्सिडंट रेणू आपला इलेक्ट्रॉन स्वखुशीने देऊन टाकतो आणि दिल्यावरही शांत राहतो, त्यामुळे ही साखळी तिथेच तुटते. झाडाला याची गरज आपल्यापेक्षा जास्त, कारण ते दिवसभर उन्हात उभं असतं आणि प्रकाशसंश्लेषणातच असे उपद्रवी रेणू तयार होतात. आपल्यासाठी म्हणून कुठल्याही गुलाबाने कधी काही बनवलेलं नाही.

क जीवनसत्त्व हा त्यातला पाण्यात विरघळणारा दाता. उंदीर ते स्वतःच्या यकृतात बनवतो. आपल्या पूर्वजांमध्ये कोट्यवधी वर्षांपूर्वी त्याच्या शेवटच्या पायरीचं जनुक बिघडलं आणि त्या मोडक्या जनुकाचे अवशेष आजही आपल्या गुणसूत्रांत पडून आहेत. म्हणून आपण फळांच्या दारात उभे. गुलाबांमध्ये याचा मुकुटमणी आहे रोझा रॉक्सबर्गी, म्हणजे चीनच्या ग्वीचौ प्रांतातलं ‘त्सिली’. त्याचं फळ काटेरी आणि पिवळसर असतं, आणि १०० ग्रॅम गरात २,००० मिलिग्रॅमच्या घरात क जीवनसत्त्व आढळतं. ग्वीचौमध्ये त्याच्या बागा आणि रसाचे कारखाने आहेत. या चिनी झुडपाच्या नावात रॉक्सबर्ग आले ते आपल्या देशामुळे. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख असलेल्या विल्यम रॉक्सबर्ग यांनी तिथे वाढणाऱ्या झाडांवरून त्याचं वर्णन केलं होतं.

पण पाण्यात विरघळणारा दाता पेशीच्या स्निग्ध आवरणात शिरू शकत नाही. तिथे दुसरी फौज लागते, कॅरोटिनॉइडांची. गुलाबफळाचा लाल-शेंदरी रंग त्यांचाच. टोमॅटोतलं लायकोपिन आणि गाजरातलं बीटा कॅरोटिन या दोघांखेरीज इथे एक खास गुलाबाचा रंगही सापडतो, रुबिझँथिन. १९३४ मध्ये रिचर्ड कून आणि ख्रिस्तोफ ग्रुंडमन यांनी तो रोझा रुबिगिनोसा या, पानांना सफरचंदाचा वास असलेल्या रानगुलाबातून वेगळा काढला आणि नावही त्यावरूनच पडलं. कून यांना कॅरोटिनॉइड आणि जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी १९३८चं नोबेल जाहीर झालं, पण नाझी सरकारने ते स्वीकारू दिलं नाही. कॅरोटिनॉइडांचं काम इलेक्ट्रॉन देण्यापुरतं नसतं. ऑक्सिजनचा ‘सिंगलेट’ नावाचा एक चवताळलेला अवतार आहे. त्याची जास्तीची ऊर्जा हे रेणू स्वतःकडे घेतात आणि उष्णतेच्या रूपात सोडून देतात. १९८९ मध्ये दिसून आलं की या कामात लायकोपिन बीटा कॅरोटिनलाही मागे टाकतं. जपानच्या होक्काइदोच्या किनाऱ्यावर वाळूत वाढणारा रोझा रुगोसा याची फळं चपटी, गुबगुबीत, अगदी चेरी टोमॅटोच्या आकाराची असतात. कॅरोटिनॉइडांत तो श्रीमंत.

आणि मग येतो काळा गुलाब. फूल काळं नव्हे, ते पांढरंशुभ्र असतं. फळ काळं. रोझा स्पिनोसिसिमा ब्रिटन-आयर्लंडच्या समुद्रकाठच्या वाळूपासून तुर्कस्तानच्या डोंगरांपर्यंत गुडघाभर उंचीत, काट्यांनी खच्चून भरलेला वाढतो. त्याच्या फळांनी लाल रंगाचा नाद सोडून अँथोसायनिनांवर भर दिला आहे. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जांभळी करणारी रंगद्रव्यं याच घराण्यातली. फळ दाबलं की बोटं गर्द जांभळी होतात. जोडीला तुरट प्रोअँथोसायनिडिनं. कॅरोटिनॉइडं अगदीच बेताची. एकाच प्रजातीतल्या दोन जाती, फळाची रचना तीच, काम तेच, आणि आतली रसायनांची जुळणी इतकी वेगळी!

तर मग सर्वांत ‘अँटिऑक्सिडंट’ गुलाब कोणता? या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, कारण ते मोजण्याच्या पद्धतीवर ठरतं. सर्वांत लाडकी चाचणी डीपीपीएच नावाच्या गडद जांभळ्या द्रावणाची. त्यात फळाचा अर्क घातला की जांभळा रंग विरत जाऊन पिवळा उरतो. ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सोडून रंग किती फिका झाला ते मोजायचं. पाहायला फार देखणी चाचणी आहे. पण अर्क बहुधा मेथॅनॉलचा असतो आणि त्यात कॅरोटिनॉइडं नीट उतरतच नाहीत. मग काळा गुलाब जोरात पुढे येतो आणि बिचाऱ्या रुगोसाच्या पदरात मोजकेच गुण पडतात. सिंगलेट ऑक्सिजन शांत करण्याची परीक्षा घेतली असती, तर निकाल दुसराच दिसला असता. फक्त क जीवनसत्त्व मोजा, त्सिली पहिलं. तुर्कस्तानात एर्झुरुमच्या संशोधकांनी २००७ मध्ये आपल्या भागातल्या जातींचे एकूण फिनॉल मोजले, तर तिथे साधी ‘डॉग रोझ’च अव्वल ठरली. याचा अर्थ एवढाच की ‘अमुक गुलाब सर्वोत्तम’ असं छापलेलं दिसलं की आधी विचारावं, कशात?

दुसरी एक चाचणी लोहाचं रूप बदलण्याची क्षमता मोजते. नॉर्वेतल्या ओस्लो विद्यापीठाच्या गटाने ती वापरून २०१० मध्ये ३,१०० पेक्षा जास्त खाद्यपदार्थांची भली मोठी यादी केली. वाळवलेल्या रानगुलाबफळांना तिथे ७८ गुण, म्हणजे फळांमध्ये फार वरचं स्थान. पण त्याच यादीत वाळवलेल्या आवळ्याला २६१. मोरावळ्याच्या बरणीकडे बघून मान ताठ करायला हरकत नाही, मात्र जरा बेतानेच. हे आकडे काचेच्या नळीतले आहेत. पोटात गेल्यावर यातले बरेच रेणू मोडतात, काही रक्तात शिरतच नाहीत, काहींचं आतड्यातले जीवाणू भलतंच काही करून टाकतात. अमेरिकी कृषी खात्याने अशाच गुणांची आपली यादी २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली. तिचा आरोग्याशी संबंध सिद्ध होत नव्हता आणि जाहिरातवाले ती सर्रास वापरत होते.

वेगळा काढलेला रेणू गोळीत भरून दिला की काय होतं, याचा दाखला तर अंगावर येतो. फिनलंडमध्ये सुमारे २९,००० धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचा निकाल १९९४ मध्ये आला. रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती. तो १८ टक्क्यांनी वाढलेला निघाला.

अख्ख्या फळाचं प्रकरण निराळं. स्वीडनमधल्या एका चाचणीत ३१ स्थूल व्यक्तींनी सहा आठवडे रोज ४० ग्रॅम गुलाबफळांची पूड घातलेलं पेय घेतलं. वजन तसूभर हललं नाही, पण वरचा रक्तदाब आणि एलडीएल कोलेस्टेरॉल थोडं उतरलं. डेन्मार्कमध्ये ही पूड सांधेदुखीवर वापरली जाते. २००८ मध्ये तीन चाचण्यांतल्या २८७ रुग्णांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा वेदना थोड्या कमी झालेल्या दिसल्या. तिन्ही चाचण्यांना पूड बनवणाऱ्या कंपनीचं पाठबळ होतं, हे ध्यानात ठेवून हा आकडा वाचावा. गंमत अशी की श्रेय कोणाचं, हे शोधताना डॅनिश संशोधकांना २००३ मध्ये जो रेणू हाती लागला, तो ना क जीवनसत्त्व होता, ना कॅरोटिनॉइड, ना अँथोसायनिन. तो निघाला गॅलॅक्टोलिपिड, पेशीतल्या हिरव्या कणांच्या पडद्यात असतो तसला स्निग्ध रेणू. पांढऱ्या पेशींची दाह होणाऱ्या जागेकडची धाव तो मंदावतो. ज्या गुणासाठी फळ नावाजलं, त्याच्याशी याचा फारसा संबंध नाही.

आपल्याकडच्या दुकानांत आता रोझहिप दोन वेषांत भेटतं. एक, चहाच्या पिशवीत. पेल्यातला तो सुंदर माणिक रंग गुलाबफळाचा असेलच असं नाही, कारण बहुतेक मिश्रणांत हिबिस्कस, म्हणजे लाल अंबाडीची बोंडं, घातलेली असतात. नुसत्या गुलाबफळांचा काढा फिकट शेंदरी होतो. दोन, चेहऱ्याला लावायच्या तेलाच्या छोट्या महागड्या बाटलीत. हे तेल प्रामुख्याने चिलीहून येतं. युरोपातून गेलेला रुबिगिनोसा तिथल्या डोंगरउतारांवर तणासारखा माजला आणि लोकांनी तणाचाच धंदा केला. तेल आतल्या दाण्यांचं असतं आणि त्यात लिनोलिक, लिनोलेनिक ही आम्लं भरपूर असतात. त्या बाटलीवर ‘नैसर्गिक क जीवनसत्त्वयुक्त’ असं लिहिलेलं असेल, तर मनातल्या मनात हसावं. क जीवनसत्त्व तेलात विरघळत नाही.

फळ प्रत्यक्ष पाहायचं असेल तर फार लांब जायला नको. हिमालयात जाणाऱ्या आपल्या मराठी भटक्यांच्या वाटेवरच ते असतं. लडाख आणि लाहौल-स्पितीच्या कोरड्या दऱ्यांत गुलाबी फुलांचा रोझा वेबियाना ओढ्याकाठी झुडपाझुडपांनी वाढतो आणि उन्हाळा सरता सरता त्याला सुरईच्या आकाराची लाल फळं लागतात. शेंड्यावर निदलं उभी आहेत का ते बघा. चाखायचंच असेल तर फळ उभं चिरून आतले दाणे आणि लव आधी खरवडून टाका. पुसायला रुमाल जवळ ठेवा, आणि त्याच रुमालाने नंतर मान पुसू नका.